नवरा-बायको मिळून घरून डायरेक्ट सेलिंग : कोड, कपाट आणि वही

खतावणी

जोडप्याने घरून डायरेक्ट सेलिंगचं, म्हणजे दुकानाशिवाय कंपनीचा माल थेट गिऱ्हाइकाला विकण्याचं, काम करण्याबद्दल या मंचावर वरचेवर विचारणा होते आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरलेली आहेत. म्हणून हा एक धागा. कुठली कंपनी चांगली, कुठली वाईट हे इथे नको. कंपनी कुठलीही असो, घरात काय व्यवस्था लावायची तेवढं लिहूया.

सुरुवात पैशापासून करतो. एमआरपी आणि डीपी, म्हणजे वितरकाला पडणारा भाव, यांतला फरक ही पहिली कमाई. प्रत्येक खरेदीवर कंपनी काही पॉइंट धरते, त्यांवर मिळणारं कमिशन ही दुसरी. उदाहरणादाखल धरा की डीपी एमआरपीच्या २० टक्के खाली आहे आणि महिन्यात एमआरपीने ३०,००० चा माल गेला. माल पडला २४,००० ला, वर राहिले ६,०००. ओळखीपोटी सोडलेले ५ टक्के म्हणजे १,५०० गेले. पेट्रोल, कुरिअर, सॅम्पल, पिशव्या यांचे १,८०० गेले. उरले २,७००. दोघांचे मिळून ४५ तास लागले असतील तर तासाला ६० रुपये पडले. दर महिन्याला आधी हा आकडा काढायचा आणि वहीत वर लिहायचा. कमिशन त्यात मिसळायचं नाही, कारण घसरण कमिशनच्या मागे लागूनच सुरू होते.

ती कशी, तेही आकड्यांत बघा. समजा पॉइंटांचा व्यवसाय २०,००० झाला, दर ६ टक्के, कमिशन १,२००. पुढचा स्लॅब, म्हणजे दर वाढण्याचा टप्पा, २४,००० ला, दर ९ टक्के. महिन्याची २९ तारीख आहे, ४,००० कमी पडतायत. अपलाइनचा, म्हणजे ज्याने आपल्याला या कामात घेतलं त्याचा, फोन येतो, 'भरून टाका, स्लॅब जाऊ देऊ नका.' पॉइंट डीपीपेक्षा कमी धरले जातात, त्यामुळे भरायला डीपीने साधारण ४,८०० चा माल उचलावा लागतो. कमिशन होतं २,१६०, म्हणजे वाढ झाली ९६० ची. त्या ४,८०० मधला फक्त पाचवा हिस्सा माल पडून राहिला की ९६० रुपये पुरते गेले. आणि सगळा विकला गेला तरी पुढच्या महिन्याची खरेदी तेवढी कमी होणार, म्हणजे पुढच्या २९ तारखेला पुन्हा तोच खड्डा. जोडप्याच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण एकाने भरलं की दुसऱ्याला कपाट उघडेपर्यंत कळत नाही.

तेव्हा पहिला नियम असा ठेवा की महिन्याच्या २५ तारखेनंतरची कुठलीही खरेदी हातात गिऱ्हाइकाची ऑर्डर असल्याशिवाय करायची नाही, आणि ती दोघांनी बघून करायची.

आडवाट

चांगला धागा. अमेरिकेत १९७९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवे या डायरेक्ट सेलिंग कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला, त्यात ती योजना पिरॅमिड, म्हणजे नव्या माणसांच्या पैशावर जुन्यांना पोसणारी साखळी, ठरली नाही. ज्या अटींमुळे ठरली नाही त्या घरगुती तपासणीला आजही उत्तम आहेत. महिन्यात उचललेल्या मालापैकी किमान ७० टक्के विकला गेला पाहिजे. महिन्याला दहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना किरकोळ विक्री झाली पाहिजे. आणि काम सोडणाऱ्याचा विकण्याजोगा माल परत घेतला गेला पाहिजे. याच निकालात कंपनीला किमती ठरवून देण्याबद्दल आणि कमाईचे फुगवलेले दावे करण्याबद्दल दोषीही धरलं होतं, हे सेमिनारमध्ये कोणी सांगत नाही.

घरी ही तपासणी करताना फसवाफसवी इथे होते: आपण वापरलेला माल 'विकला' म्हणून लिहिला जातो. घरात वापरला तो घरखर्च, डीपीने लिहा. डाउनलाइनने, म्हणजे आपण कामात घेतलेल्या माणसांनी, उचलला तोही वेगळा लिहा. ज्याचा कोड, म्हणजे कंपनीने दिलेला वितरक क्रमांक, नाही अशा माणसाने पैसे देऊन घेतला तीच विक्री. दहा गिऱ्हाइकं मोजताना सख्खी आणि चुलत मंडळी वगळून किती उरतात ते बघा.

पागोळी

एक प्रश्न. दोघांनी दोन वेगळे कोड काढले तर कमिशन दोनदा मिळेल का? आणि कोड बायकोच्या नावावर असेल तर कर वाचतो असं सांगतात, ते खरं का?

ताळेबंद

@पागोळी, दोन प्रश्न आहेत, वेगवेगळी उत्तरं देतो.

बऱ्याच कंपन्यांच्या करारात नवरा-बायको मिळून एकच वितरक धरले जातात, दुसरा सहअर्जदार असतो. एकाने दुसऱ्या अपलाइनच्या साखळीखाली गुपचूप कोड घेतला तर दोन्ही कोड बंद होऊ शकतात आणि साठलेलं कमिशन अडकतं. करारातलं 'जोडीदार' हे कलम सही करण्याआधी वाचा. तिथेच बघा की मृत्यू झाला किंवा घटस्फोट झाला तर कोड कोणाकडे जातो. सहअर्जदाराचं नाव आणि नॉमिनी पहिल्याच दिवशी भरा.

आता कर. (कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले देतोय. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदललेत.)

कोड ज्याच्या नावावर आणि काम ज्याचं, उत्पन्न त्याचं. कोड नवऱ्याचा ठेवून बायकोला 'पगार' दाखवला तर तो कलम ६४ खाली नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार केवळ त्यामुळेच मिळत असेल, तरच सुटका. उलट बाजूने, कोड बायकोचा पण भांडवल नवऱ्याने भेट म्हणून दिलेलं, तर त्या भांडवलाच्या प्रमाणात नफा नवऱ्याकडे येतो. म्हणून पैसे दिले तर उसने द्या, बँकेतून द्या, आणि परतफेडही बँकेतूनच दिसू द्या.

कमिशन वर्षाला २०,००० च्या वर गेलं की २ टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. कमिशनच्या उत्पन्नाला कलम ४४एडीची ठोक टक्केवारी, म्हणजे हिशेब न मांडता उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरणं, चालत नाही. त्या ठोक पद्धतीचा आयटीआर-४ भरून मोकळे होणारे नोटिशीत सापडतात ते याच कारणाने. आयटीआर-३ भरा, आणि खर्चाच्या पावत्या ठेवा, कारण पेट्रोल-कुरिअरची वजावट त्यांच्याच जोरावर मिळते.

जीएसटीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. 'चाळीस लाखांपर्यंत काही नाही' हे फक्त माल विकणाऱ्याला. कमिशन ही सेवा आहे. ते मिळायला लागलं की महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा २० लाख, आणि त्यात विकलेल्या मालाची पूर्ण रक्कम धरायची, नुसता नफा नव्हे.

आणि बक्षिसं. 'दोघांना परदेशवारी फुकट' हीसुद्धा मिळकत आहे. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० च्या वरच्या अशा लाभावर १० टक्के टीडीएस आहे. सहलीची किंमत १,५०,००० धरली तर १५,००० तिथेच, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्या सहलीवर एकूण ३०,००० कर, वर उपकर. विमानात बसण्याआधी हे पैसे बाजूला काढा.

खडूफळा

सरकारी नोकरीतल्या जोडीदाराबद्दल लिहायलाच हवं. 'कोड बायकोचा आहे, मी फक्त स्टाफरूममध्ये पत्रक देतो' यात काही अडत नाही असं अनेकांना वाटतं. अडतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम १५ आहे. पत्नी किंवा कुटुंबातली व्यक्ती चालवत असलेल्या विमा किंवा कमिशन एजन्सीसाठी कर्मचाऱ्याने गिऱ्हाईक गोळा करणं हासुद्धा त्यात नियमभंग धरला आहे. कुटुंबातल्या कोणी असा व्यवसाय सुरू केला तर कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. महाराष्ट्र राज्य कर्मचाऱ्यांचे १९७९ चे नियम त्याच धर्तीचे आहेत, आणि जिल्हा परिषदेच्या लोकांना त्यांचे स्वतंत्र नियम आहेत.

करायचं काय? व्यवसाय सुरू झाल्याची लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. नोकरीतल्या माणसाचा फोन नंबर कुठल्याही पत्रकावर, व्हॉट्सॲप गटावर, क्यूआरवर नको. घरी बसून माल मोजणं, वही लिहिणं इतकंच त्याच्याकडे ठेवा. सहअर्जदार म्हणून त्याची सही करण्याआधी आस्थापनेला विचारा. हाताखालच्या माणसाला किंवा विद्यार्थ्यांच्या पालकांना माल विकणं तर कुठल्याही नियमाच्या आधी मनाला पटू नये. समोरच्याला नाही म्हणता येत नाही, मग तो घेतो.

जाईजुई

मी कपाट आणि डेमो या दोन गोष्टींवर लिहिते.

माल आला की खोका फोडून आधी प्रत्येक बॅचची मुदत बघायची. झाकणावर नाही, पुढच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या आकड्यात महिना-वर्ष लिहायचं. मांडणी आधी मुदत संपणारा पुढे अशी. आधी आलेला पुढे ठेवला तर चुकतं, कारण नव्या खोक्यात कधीकधी जुनी बॅच येते. मुदतीला सहा महिने उरले की वेगळा कप्पा. तीन महिने उरले की तो माल घरात वापरायचा, गिऱ्हाइकाला नाही. पावडरीचे डबे जमिनीवर नकोत, फळीवर ठेवा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर उघडलेल्या सॅम्पलच्या डब्यात गुठळ्या होतात, म्हणून पावसाळ्यात डेमोसाठी सर्वांत लहान पॅक उघडा. क्रीम आणि सीरम न्हाणीघरातल्या कपाटात ठेवू नका, वाफेने बिघडतात. खाण्याचा माल घरात साठवून विकत असाल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून घ्या, आणि तो माल फिनेल-साबणाच्या कपाटात ठेवू नका, वास धरतो.

एकूण साठा किती? गेल्या तीन महिन्यांत ज्या वस्तू खरोखर गेल्या त्यांचा दोन आठवड्यांचा माल. बाकी सगळं ऑर्डर आल्यावर.

साठा का नको, त्याचं ताजं उदाहरण समोर आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट, अंगाचा साबण यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. २०० रुपये मूळ किमतीची बाटली २३६ ला विकली जायची, ती २१० ला आली. जुन्या भावाने २० टक्के सवलतीत उचललेली बाटली घरात १८८.८० ला पडलेली होती. बाटलीमागे ४७.२० सुटायचे ते २१.२० वर आले. जीएसटी नोंदणी नसणाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे कपाटात चाळीस बाटल्या असलेल्याचे हजारभर रुपये एका दिवसात गेले.

डेमोचं सामान: १०० मिलीचा मोजपेला, ५ मिलीचा चमचा, दोन पांढरे सुती फडके, एक छोटा वजनकाटा, बाटल्यांवर चिकटवायला कोऱ्या चिठ्ठ्या. भांड्याचा लिक्विड दाखवायचा तर गिऱ्हाइकाच्या घरची तेलकट कढई आणि त्याच नळाचं पाणी घ्या. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो. आपल्या घरून पाणी नेऊन दाखवलं तर आठवड्याने तक्रार येणारच. लेबलवर जे प्रमाण छापलंय तेच मोजून करा. एक लिटर ४०० ला आणि एकाला तीन पाणी असं प्रमाण असेल तर तयार द्रावण लिटरला १०० रुपये पडतं. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडा आणि शेजारी त्याचा सध्याचा साबण ठेवून तोही मांडा. महाग पडत असेल तर महाग पडतं असं सांगा. डब्यांच्या डेमोत कोरड्या मालाचे डबे आणि पाणी न सांडणारे डबे वेगळे असतात. कोरड्याच्या डब्यात पाणी भरून उलटा केलात की तिथेच सांडेल. क्रीम असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं लावून २४ तास थांबायला सांगा, ऑर्डर दुसऱ्या दिवशी घ्या.

कंदील

जाईजुई, डेमोवरून दोन खोटे डेमो आठवले, ते कृपया कोणीच करू नये. आयोडीनचा थेंब टाकून तपकिरी झालेल्या पाण्यात गोळी विरघळवतात, पाणी स्वच्छ होतं, 'शरीरातली घाण अशी निघते' म्हणतात. क जीवनसत्त्वाने आयोडीनचा रंग जातो, एवढीच रसायनशास्त्राची गोष्ट आहे. लिंबू पिळलं तरी जातो.

दुसरा पाण्याच्या फिल्टरचा. लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्यांचं यंत्र नळाच्या पाण्यात बुडवलं की पाणी गढूळ-तपकिरी होतं. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते आणि कांडीचं लोखंडच सुटून गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. पाणी पिण्याजोगं आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि 'शुगर जाते', 'बीपीची गोळी बंद होते' असले मेसेज अपलाइनकडून आले की पुढे ढकलू नका. औषध म्हणून मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. खाद्यपदार्थाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. मेसेज तुमच्या नंबरवरून गेला तर जबाबदार तुम्ही. शिवाय कोणी खरंच गोळी बंद केली तर काय, याचा विचार करा.

खतावणी

नियमांचा विषय निघालाच आहे तर ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम, २०२१ मधलं विक्रेत्याला लागू होणारं लिहितो. हे २८ डिसेंबर २०२१ ला निघाले. जॉइनिंग फी घेता येत नाही. डेमोचं साहित्य विकत घ्यायला लावता येत नाही. कंपनीशी लेखी करार हवा. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही. कंपनीने मान्य न केलेलं पत्रक द्यायचं नाही. विक्रीच्या वेळी ऑर्डर फॉर्म द्यायचा, त्यात मालाचं वर्णन, रक्कम, तारीख, रद्द करण्याचा आणि परतीचा हक्क लिहिलेला हवा.

जोडप्याला इथे एक अडचण येते. ओळखपत्र एकाचं, आणि दारात दुसरा. सहअर्जदाराचंही ओळखपत्र मागून घ्या. ते मिळत नसेल तर दुसऱ्याने फक्त पोचवायचं काम करावं, विकण्याचं नाही.

डोंबिवलीकर

कामाच्या वाटणीबद्दल लिहितो. 'तू बोल, मी पैसे बघतो' अशी वाटणी टिकत नाही. गिऱ्हाइकाला दोघांकडून दोन भाव जाणं हे भांडणाचं पहिलं कारण. एकाने लोकलच्या डब्यात १० टक्के सोडतो म्हणून सांगितलेलं असतं, दुसऱ्याने त्याच बाईच्या जावेला एमआरपीने दिलेलं असतं. त्या दोघी संध्याकाळी बोलतात. म्हणून भावपत्रक एकच, सवलतीची कमाल मर्यादा ठरलेली, आणि ती सगळ्यांना सारखी. एमआरपीच्या वर तर कधीच नाही. खोक्यातली पाकिटं सुटी करूनही विकू नका.

ऑर्डर एकाच नंबरवर घ्या, दोन फोनवर नको. ज्याच्या हाती ऑर्डर येते त्याने वहीत सहा रकाने भरायचे: तारीख, नाव, वस्तू, रक्कम, पैसे आले का, कधी संपेल. शेवटचा रकाना महत्त्वाचा. चौघांच्या घरात २०० ग्रॅमची टूथपेस्ट माणशी दिवसाला दोन ग्रॅम धरली तर पंचवीस दिवसांत संपते. विसाव्या दिवशी फोन केला की ऑर्डर येते, दहाव्या दिवशी केला की कटकट वाटते.

उधारी माणशी एका ऑर्डरची. पहिली चुकती झाल्याशिवाय दुसरी नाही, मावशी असली तरी. यूपीआयचा क्यूआर धंद्याच्या वेगळ्या खात्याचा. किराण्याचे पैसे त्या खात्यातून द्यायचे नाहीत. भिशीचा हप्ताही त्यातून नाही.

रविवारी पाऊण तास बसा: आठवड्याची विक्री, येणं, कपाट मोजणं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने वाचायचं. पुढच्या आठवड्यात उलट.

मोगरा

+१. हळदीकुंकवाबद्दल एक सांगते. कोणी बोलावलं असताना पर्समधून कॅटलॉग काढू नये. ती बाई सण म्हणून बोलावते. पण वाण लुटायला लागणाऱ्या वस्तूंची ऑर्डर आधी घेणं हे स्वच्छ काम आहे. संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन भावांचे नमुने दाखवा, ३०, ५० आणि ८० रुपयांच्या आसपास. २५ किंवा ५० नगांची ऑर्डर, निम्मे पैसे आगाऊ. ८ जानेवारीपर्यंत माल हातात हवा. पाच टक्के नग जास्त मागवा, झाकण तुटलेलं निघतं. उरलेलं वाण परत घेणार की नाही हे ऑर्डर घेतानाच सांगा.

एडिसनकर

अमेरिकेतल्या मंडळींसाठी थोडक्यात. एच-१बी वर असलेल्याने बाजूला असा धंदा करणं हे अनधिकृत काम ठरू शकतं. एच-४ (जोडीदाराच्या व्हिसा) वर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसेल तर तिथेही तेच. 'कोड भारतातला आहे' याने सुटका होत नाही, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेलं जोडपं एकत्र रिटर्न भरत असेल आणि धंद्यात दोघंच असतील तर 'क्वालिफाइड जॉइंट व्हेंचर' हा पर्याय निवडून दोघांना स्वतंत्र शेड्यूल सी (धंद्याच्या नफ्यातोट्याचा फॉर्म) भरता येतं. दोघांच्या नावे सोशल सिक्युरिटी जमा होते. गिऱ्हाइकाच्या घरी २५ डॉलर किंवा जास्तीची विक्री झाली तर त्याला तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करायचा हक्क आहे, आणि तो सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

पागोळी

@ताळेबंद, @खतावणी खूप आभार. शेवटचं एक. काम बंद करायचं ठरलं तर माल परत कसा द्यायचा? आणि बंद कधी करायचं हे दोघांचं एकमत होत नसेल तर?

खतावणी

@पागोळी, बंद करण्याचा आकडा सुरू करतानाच लिहा. उदाहरणार्थ, '१५,००० पेक्षा जास्त घरातले पैसे घालायचे नाहीत, आणि सलग तीन महिने किरकोळ नफा खर्चाखाली राहिला की नवी खरेदी थांबेल.' वहीच्या पहिल्या पानावर, दोघांच्या सह्या. वेळ आली तेव्हा एकाला थांबायचं असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर ज्याला थांबायचंय त्याचं चालावं, कारण पैसा घरातून जातोय. नात्यातल्या कोणाला डाउनलाइनला घ्यायचं झालं तरी तसंच: दोघांपैकी एकाचं नाही म्हणजे नाही.

माल परत करताना आधी करारातली मुदत बघा. कूलिंग-ऑफचे (विचार बदलून करार मोडण्याचे) आणि परत-खरेदीचे (कंपनीने माल परत घेण्याचे) दिवस वेगवेगळे असतात. न उघडलेले, सील शाबूत, मुदत बाकी असलेले नग वेगळे काढा. बिल क्रमांक, बॅच, मुदत, नग यांची यादी करा आणि प्रत्येक खोक्याचे उघडे आणि बंद असे दोन फोटो घ्या. अपलाइनच्या हाती माल देऊ नका, 'मी बघतो' म्हणून नेलेल्या मालाची पोच मिळत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, त्याचं नाव-पत्ता वेबसाइटवर असावं लागतं. नियमाप्रमाणे तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ईमेलमध्ये कोड क्रमांक, यादी, बँक खात्याचा तपशील आणि 'या तारखेपासून करार रद्द' हे एक वाक्य. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा.

आणि कोड बंद झाल्याचा ईमेल येईपर्यंत ते बँक खातं बंद करू नका. शेवटचं कमिशन आणि परतीचे पैसे त्याच खात्यात येतात.